तुळजाअम्माच्या भिंतीतलं पानी

माझं गाव खानापूर तालुक्यातलं, विट्याच्या पल्याड, सगळा माळ आनि कुसळं. आता तुमी म्हनाल तितला मानूस हितं मद्रासला कसा आला, तर ताई, आमच्या भागातली घरटी एक तरी गडीमानूस गलाईच्या कामाला परमुलखात गेलेला असतूय. गलाई म्हंजी सोनाराच्या दुकानातली झाडलोट, राख, भुकटी, काय असंल ती गोळा करायची, भट्टीत आटवायची, तेजाबात घालायची आनि त्यातनं सोनं-चांदी येगळी काढायची. माझा चुलता साहुकारपेठेत ह्येच करत हुता. मला मिसरूड फुटायच्या आत त्येनं हिकडं आनलं. तमिळ एक अक्षर येत न्हाई, भात गिळत न्हाई, आनि गल्ली अशी की हात पसरलं तर दोनी भिंतीला लागत्यात. तितं मी भट्टीफुडं बसायचो. तेजाबाचा धूर नाकात, डोळ्यात, आनि काय सांगू तुमाला, मला खोकला असा लागला की मानसं दुकानात यायची थांबली. डाक्टर म्हनला, हे काम सोड, न्हाईतर छाती सोडंल. मी काम सोडलं.

गावाकडं जायाचं तर जाऊन काय करायचं. तर त्या गल्लीत आमच्या समोर सेल्वम म्हनून एक प्लंबर ऱ्हायाचा, आमी त्येला मेस्त्री म्हनायचो. त्येला पानी उचलायला, पाइप धरायला मानूस पायजे हुतं. त्येच्यामागनं हिंडत हिंडत मी शिकलो, तमिळ बी त्येच्याकडनंच शिकलो, म्हनून माझ्या तमिळमधी शिव्या जरा जास्त हायती. फुडं गिंडीत खोली केली, लगीन झालं, बायकू हितं आली, पोरं हितं झाली. माझी लेक आता घरात तमिळ बोलती, मी मराठीत इचारतो आनि ती तमिळमधी उत्तर देती, आमचं चालतंय.

मंग वेलचेरीला इमारती उठल्या. पयलं तितं तळं हुतं म्हनत्यात, पाऊस झाला की अजून पानी आपली जागा सोडत न्हाई. पर कंप्युटरवाली पोरं आली, त्यांना फ्लॅट पायजेत, आनि फ्लॅटमधी सगळं नव्या तऱ्हेचं पायजे. पयलं संडासाची टाकी कशी, डोक्यावर न्हाईतर मागं दिसायला असायची, गळली तर दिसायची. आता ती भिंतीच्या आत. बाहेरनं नुसती एक पाटी, तिच्यावर दोन बटनं, बाकी सगळी फरशी गुळगुळीत. दिसायला झ्याक. पर गळायला लागली की कुनाला कळत न्हाई कुठं गळतंय, आनि भांडनं लागत्यात.

अशाच एका इमारतीत मला वासूनं बोलावलं. वासू म्हंजी श्रीनिवासराव, पर सगळी वासूच म्हनायची. कंप्युटर कंपनीत, साधा मानूस, आवाज चढवून बोलनारा न्हाई. मला फोनवर तमिळमधी म्हनला, आमच्या आईच्या बाथरूमचं पानी तोडायचंय. मी म्हनलो, दुरुस्त करायचंय का? न्हाई म्हनला, तोडायचंय, तिला नळ उघडता येऊ नये असं कायतरी करा.

आता ते साल असं हुतं की सगळ्या शहरात पान्याची बोंब. लॉरीचं, म्हंजी टँकरचं, पानी यायचं, खालच्या संपात, जमिनीतल्या टाकीत, पडायचं, तितनं मोटर लावून गच्चीवरच्या टाकीत. आनि ह्या इमारतीत गच्चीवरची टाकी येळेच्या आदीच रिकामी व्हायला लागली. दुपारी लोकांच्या नळाला पानी न्हाई. सेक्रेटरी घरोघर हिंडला, सगळ्यांच्या टाक्या बगितल्या, कुठं काय गळत न्हाई. मंग बोटं वळली दुसऱ्या मजल्यावरच्या म्हातारीकडं. दिसभर घरात ती एकटी. ल्योक-सून कामाला. म्हातारी नळ सोडत असंल, तिच्या ध्यानात ऱ्हात न्हाई. जिन्यात बाया तसंच बोलायच्या, वासूच्या तोंडावर बी बोलल्या.

आनि त्यात म्हातारी काय म्हनत हुती, की बाथरूममधी कोनतरी पानी पितंय.

हे मला वासूनंच दारात सांगितलं, हळू आवाजात. डाक्टरला दाखवलं म्हनला. डाक्टर म्हनला ह्या वयात असं व्हतंय, नसलेली मानसं दिसत्यात, गोळी दिली. गोळीनं ती दुपारची झोपती पर उठली की परत त्येच. एकदा ग्यास चालू ठेवून इसरली हुती, तवापासनं वासू कामावर बसला तरी त्येचा जीव घराकडं. तांबरमच्या पल्याड म्हाताऱ्या मानसांचं एक घर हाय, तितं जागा बगून आला हुता. चार दिस हवापालटाला जायाचं असं तिला सांगितलं हुतं. त्येला वाईट वाटत हुतं, ते मला दिसत हुतं, पर मी प्लंबर, मी काय बोलनार. मी पिशवी घेऊन आत गेलो.

म्हातारी, तुळजाअम्मा, खाटेवर बसली हुती. बारीक, गोरी, नऊवारी लुगडं पर नेसायची तऱ्हा येगळी, नाकात दोनी बाजूला चमक्या. मी वासूला तमिळमधी इचारलं की मेन काक, पानी बंद करायची चावी, कुठं हाय, आनि माझं मलाच पुटपुटलो, आयला, हितं तर हात बी जात न्हाई. तशी ती म्हनली, तुम्ही कोठले?

मी वळून बगितलं. मराठी! पर कसली मराठी, तुमाला सांगतो, शबूद जुन्या पोथीतलं आनि चाल सगळी तमिळ, वाक्याच्या शेवटाला आवाज वर जायाचा. मी म्हनलो, मी सांगलीकडचा, अम्मा, तुमी? ती म्हनली, आम्ही तंजावरचे, आमचे वडील-आजे राजाबरोबर आले, मी तो मुलूख पाहिला नाहीं, तिकडे सगळे असेंच बोलतात कीं? असेंच म्हंजी माझ्यासारखं. मी म्हनलो, न्हाई, पुन्यातली लोकं माझ्यासारखं बोललं तर हसत्यात. ती म्हनली, माझें बोलणें ऐकून तर माझा मुलगाच हंसतो. वासू बाजूला उभा हुता, खरंच हसला. त्येची मराठी घरापुरती, जेवलो, निघालो, येतो, एवढी. बाकी सगळं त्येला तमिळमधीच सुचायचं.

त्या दिवशी इमारतीचं पानीच बंद हुतं. मी तोडायच्या आदी म्हनलो, एकदा बगू तर द्या. पाटी काढली, बादलीनं टाकीत पानी वतलं, बटन दाबलं, परत वतलं, संडासाच्या भांड्याची कड फडक्यानं पुसून कोरडी केली आनि बसलो. सूनबाईनं काफी दिली, ती पिऊन झाली, तरी भांडं कोरडं. भिंत कोरडी. खालच्या फ्लॅटात जाऊन छत बगितलं, ते बी कोरडं. मी वासूला म्हनलो, टाकी चांगली हाय. त्येनं मान हलवली. म्हंजी आईच नळ सोडती, हे नक्की झालं त्येच्या लेखी.

ती आतनं ऐकत हुती. ती म्हनली, पाणी नसतां कसा पिईल? पाणी आल्यावर या.

वासू मला तमिळमधी म्हनला, बगा, हे असं. मी म्हनलो, साहेब, उद्या पानी आलं की येतो, मंग तोडू. एका दिसानं काय बिगडत न्हाई. सूनबाई म्हनली, येऊ द्या त्येंना. सूनबाई म्हंजी मीनाक्षी, तमिळ मुलगी, ती पन कंप्युटरमधीच, दुसऱ्या कंपनीत. दोघांनी आपल्या मनानं लगीन केलेलं. तिला मराठी येत न्हाई आनि म्हातारीचं तमिळ चांगलं, पर दमली की म्हातारी मराठीत जायाची, मंग ही नुसती तोंडाकडं बगत ऱ्हायाची.

दुसऱ्या दिशी गेलो. पानी हुतं. मी बाथरूममधी न जाता म्हातारीजवळ जमिनीवर बसलो आनि इचारलं, अम्मा, कोन पितंय, कसा दिसतूय? ती माझ्यावर चिडली. म्हनली, दिसतो कोण म्हणालें? मी म्हणतें, कोण कीं पाणी प्याल्यासारखा आवाज होतो. बाहेर घुट घुट होतो, मग स्स्स होतो, मग गप्प. पुन्हा थोड्या वेळानें घुट घुट. माणूस आहे म्हणून मी कधीं सांगितलें? मला काय वेड लागलें आहे?

आता बगा. पोरानं डाक्टरला काय सांगितलं, की आईला बाथरूममधी पानी पिनारा मानूस दिसतूय. आनि म्हातारी सांगत हुती आवाज कसा येतूय. ती मराठीत म्हनली, त्येनं आपल्या मनात तमिळ केलं, डाक्टरला इंग्रजीत सांगितलं, आनि मधल्यामधी तिथं मानूस उभा ऱ्हायला. वासू लबाड न्हवता, त्येला कळलंच तेवढं.

मी तिला म्हनलो, थांबा, ऐकू. आमी दोघं गप बसलो. पंखा बंद केला. आनि आलं की हो, स्स्स, टाकी भरायचा आवाज. कुनी बटन दाबलं न्हाई, बाथरूममधी कुनी गेलं न्हाई, आनि टाकी भरतीया. थोड्या येळानं परत. म्हंजी टाकीतलं पानी कुठंतरी जातंय, पातळी उतरली की बालकाक, म्हंजी फुग्याची तोटी, उघडतूय, टाकी भरली की मिटतूय.

मी म्हनलो, सापडलं. वेलचेरीचं बोरचं पानी खारं, टाकीत खडूसारखा थर जमतूय, रबराचा वाशर नीट बसत न्हाई. नवा वाशर टाकला, बालकाक बी बदलला, दोनी बगून झालं, पाटी लावली, म्हातारीला म्हनलो, आता कोन प्यायला येनार न्हाई. गिंडीला घरी पोचलो तर मीनाक्षीचा फोन. म्हनली, अत्तै म्हनत्यात परत आलाय. अत्तै म्हंजी सासू. मी म्हनलो, त्येंना वाटत असंल. तर ती म्हनली, न्हाई, मी बी ऐकला. मी आज कामावर गेलेच न्हाई, त्यांच्याजवळ बसलेय दुपारपासनं.

हे मला तिचं लई आवडलं, खरं सांगतो. दोन बायका, एकीला दुसरीची भाषा येत न्हाई, खाटेवर शेजारी-शेजारी बसून भिंतीचा आवाज ऐकत बसल्यात.

परत गेलो. वासू पन घरी हुता, कारन फुडच्या दिशी आईला तांबरमकडं न्यायचं ठरलं हुतं. दाराजवळ तिची पिशवी भरून ठेवलेली. मीनाक्षीनं कंप्युटरवर वाचलं हुतं, टाकीत रंग टाकायचा, भांड्यात रंग उतरला तर वाशर गळतूय. मी म्हनलो, बरुबर हाय, सेल्वम मेस्त्री बी तसंच करायचा. पर रंग कुठनं आनायचा? वासू म्हनला खाली दुकानात बगतो. म्हातारी म्हनली, माझ्या कपाटांत नीळ आहे, ती घ्या. तिच्या मालकाची पांढरी धोतरं ती नीळ देऊन धुवायची, मालक जाऊन लई वरसं झाली, पर नीळ आनायची सवय ऱ्हायलेली.

टाकीत नीळ सोडली. सगळी वाकून बगतोय. भांड्यातलं पानी पांढरं ते पांढरंच. एक थेंब निळा न्हाई. आनि तेवढ्यात स्स्स, टाकी भरतीया. वासू मला म्हनला, मंग पानी जातंय कुठं? मी म्हनलो, साहेब, मला म्हाईत न्हाई. भिंत फोडून बगावी लागंल. भिंत फोडायची म्हंजी सगळी फरशी, सगळं बाथरूम.

म्हातारी आतनं म्हनली, आवाज तिकडून नाहीं येत, इकडून येतो. मी म्हनलो, कुठनं अम्मा? तिनं मान न वळवता हात मागं नेला. तिच्या खाटेच्या डोक्याशी एक बारकी काचेच्या पट्ट्यांची खिडकी हुती, तिच्या पल्याड इमारतीचा पोकळ चौक, जितनं सगळ्यांचं संडासाचं पाइप खाली जात्यात. तितं कोन कशाला बगतंय, वास येतूय म्हनून लोकं ती खिडकी मिटूनच ठेवत्यात. स्स्स आंतून येतो, म्हनली, पण घुट घुट तेथून येतें. मी पहिल्या दिवसापासून सांगतें, बाहेर, बाहेर.

मी पट्ट्या काढल्या, डोकं बाहेर घातलं. पयलं अंधारच दिसला. मंग ब्याटरी मारली. आनि बगा, भिंतीच्या मागच्या अंगाला जितं पाइपसाठी भोक ठेवलेलं असतंय, तितनं एक वघळ खाली गेलेला, मोठ्या पाइपाच्या अंगानं, पार तळापातूर, आनि तो सगळा निळा. ताजा निळा. पाइपाच्या बेचक्यातनं पानी घुट घुट करून खाली उतरत हुतं आनि तळाच्या गटारीत जात हुतं. म्हनून कुनाचं छत वलं झालं न्हाई, कुनाच्या भिंतीला डाग आला न्हाई. लॉरीचं पानी गुपचूप गटारात.

मी बाजूला सरकलो, वासूला म्हनलो, बगा. त्येनं बगितलं. मंग मीनाक्षीनं बगितलं. वासू लई येळ खिडकीतच डोकं घालून उभा हुता, एवढा येळ बगायला तितं काय न्हवतं.

मंग मी नीट शोधलं. टाकीचा काक मिटला, आत पातळीला पेन्सिलीनं खूण केली आनि बसलो. पानी उतरत उतरत एका जागी आलं आनि थांबलं. तेच्या खाली उतरंना. म्हंजी चीर तितंच, टाकीच्या मागच्या अंगाला, वरच्या बाजूला. बसवनाऱ्यानं पट्टी जोरात आवळली असंल, प्लास्टिक तडकलं. पयल्या दिवशी मी बादलीनं जे पानी वतलं ते तितपातूर पोचलंच न्हवतं, मंग गळंल कसं. टाकी बदलायची तर भिंत फोडावी लागत हुती. मी फोडली न्हाई. बालकाकचा फुगा खाली आवळला, म्हंजी पानी चिरेच्या खालीच थांबंल. पानी थोडं कमी पडतंय, जोर थोडा कमी, पर चालतंय. वासूनं इचारलं, एवढंच? मी म्हनलो, एवढंच.

सगळी पंखा बंद करून बसलो. चहा झाला. आवाज न्हाई. म्हातारी म्हनली, गेला.

वासू तिच्या पायथ्याला बसला. त्येला बोलायचं हुतं, पर मराठीत ते त्येला येत न्हवतं आनि तमिळमधी तो बोलला न्हाई. शेवटी म्हनला, आई, उद्या जायचं नाहीं. ती म्हनली, कां, हवा चांगली आहे म्हणालास कीं. ती चेष्टा करत हुती का खरंच तिला जायाचं हुतं, ते मला आजून कळलं न्हाई. मीनाक्षी उठली आनि पिशवीतली लुगडी काढून परत कपाटात लावाय लागली. मी माझी हत्यारं गोळा केली. सेक्रेटरीला नेऊन निळा वघळ दाखवला. त्येनं जिन्यातल्या बायांना काय सांगितलं ते मला म्हाईत न्हाई, पर गच्चीवरची टाकी सांजपातूर पुरायला लागली.

आता हितं गोष्ट संपली तर बरं दिसंल, पर तसं झालं न्हाई. त्या येळंला म्हातारीचं डोकं चांगलं हुतं. फुडं, वरीसभरानं म्हना, खरंच बिगडलं. डाक्टर खोटा न्हवता, जरा आदी बोलला एवढंच. ती नावं इसरली, मंग येळ इसरली, मंग ताई, ती तमिळ इसरली. सगळा जलम ज्या भाषेत बाजार केला ती गेली आनि तंजावरची मराठी तेवढी ऱ्हायली. आनि वासूला कंपनीनं अमेरिकेला धाडलं. तो यायाचा, जायाचा. मीनाक्षी म्हनली, घरात ठेवनार. एक बाई ठेवली दिसाला आनि आपुन घरनंच काम करायला लागली. पर म्हातारी काय मागती ते त्या दोघींना कळायचं न्हाई, वासूला फोन करावा तर तो तिकडं झोपलेला.

तर मीनाक्षी मला फोन करायची. मी कुठंबी असायचो, कुनाच्या शिडीवर, टी. नगरला लुगड्याच्या दुकानात वरच्या माळ्यावर, फोन वाजायचा. अण्णा, अत्तै कायतरी म्हनत्यात, ऐका जरा. फोन म्हातारीच्या तोंडाशी धरायची. मी ऐकायचो आनि मीनाक्षीला तमिळमधी सांगायचो. काय मोठं नसायचं. पंखा कमी कर म्हनत्यात. भात नको, कढी द्या म्हनत्यात. लुगड्याची गाठ रुततीया. एकदा म्हनली, येथें कोणी बोलत कां नाहीं. ते बी मी सांगितलं, जसंच्या तसं. मीनाक्षी म्हनली, बरं. तवापासनं तिनं तितं बसून मोठ्यानं बोलत काम करायचं ठेवलं, तमिळमधीच, म्हातारीला कळो न कळो.

शेवटचा फोन आला तो सकाळचा. मी वेलचेरी स्टेशनाजवळ एका हाटेलात बेसिन बसवत हुतो. फोन म्हातारीच्या तोंडाशी गेला, आवाज लई बारीक झाला हुता. ती म्हनत हुती, आक्का, इकडे ये, आक्का, माझ्याजवळ बैस. तिला एक थोरली भैन हुती म्हनं, लहानपनीच गेली, ते मला वासूनं मागनं सांगितलं. मी फोनवर मीनाक्षीला म्हनलो, अम्मा म्हनत्यात की. तर ती मधीच म्हनली, अण्णा, हे कळलं मला. आक्काला आमी बी आक्काच म्हनतो. आनि फोन ठिवला.

म्हातारी गेली त्येला आता काय वरीस झालं. मी मातीला गेलो हुतो. वासू अमेरिकेतनं आला हुता. ती दोघं, वासू आनि मीनाक्षी, अजून वेलचेरीच्या त्याच फ्लॅटात हायती, आमची गाठ पडती कवा कवा. माझं गुडघं आता वाकत न्हाईत, संडासाचं काम म्हंजी सगळं वाकायचं, तवा मी आता नळ, बेसिन असलंच उभ्याचं काम घेतो. गावाकडं घर बांधलंय, त्येला कुलूप. बायकू म्हनती, जाऊ तिकडं. मी म्हनतो, जाऊ. जातोय कुठं. लेक हितं, जावई हितलाच, नातू झालाय तो मला ताता म्हनतोय, तमिळमधी आज्याला ताता म्हनत्यात, म्हनू दे. हे सगळं तुमी लिवताय, लिवा, पर म्हातारीचं बोलनं लिवाल ते नीट लिवा, माझं कसंबी लिवा. ऊन व्हायच्या आत निघा आता. सुखी ऱ्हावा, पोराबाळांना बरं असू दे.